नाशिकची वाईन नाशिकच्या ताटात

मुंबई-ठाण्याकडे रंगाचा सण धुळवडीलाच उरकतो. नाशिकमध्ये धुळवडीला वीरांच्या मिरवणुका निघतात आणि रंग खेळला जातो तो रंगपंचमीला. २०२३ साली ही रंगपंचमी १२ मार्चला, म्हणजे रविवारी आली होती, आणि द्राक्षांचा हंगामही तेव्हा शेवटच्या टप्प्यात होता. माझ्या नाशिककर मित्राने हा योग महिनाभर आधीच हेरून ठेवला होता. शनिवारी द्राक्षबाग आणि वाईनरी, रविवारी रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेला जुना दगडी हौद, आणि मधल्या वेळात जेवढे खाणे जमेल तेवढे, असा त्याचा सरळ बेत होता. त्यात मी एक भर घातली. नाशिकची वाईन आपण मुंबईत चीज, क्रॅकर आणि पास्ता यांच्या सोबतीने पितो. ती नाशिकच्याच खाण्यासोबत कशी लागते, हे एकदा पाहावे असे मला फार दिवस वाटत होते. मित्राला ही कल्पना काही विशेष पटली नाही. "अरे, वाईन आमच्याकडे पिकते, पण ती जेवायला घेतं कोण?" असे तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. गंगापूर रस्त्यावरच्या वाईनरींमध्ये शनिवार-रविवारी उभ्या असलेल्या गाड्यांच्या नंबरपाट्या पाहिल्या तरी त्या बाटल्या कोणासाठी भरल्या जातात हे समजते.

शुक्रवारी संध्याकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मी निघालो आणि शनिवारी सकाळी, नाशिकच्या रिवाजाप्रमाणे, मिसळीपासून सुरुवात झाली. नाशिकमध्ये मिसळ हा नाश्ता असला तरी तो झटपट आटोपायचा प्रकार नाही. शहराबाहेर मखमलाबादच्या आणि गंगापूरच्या बाजूला मळ्यांत, झाडांखाली मिसळीची मोठमोठी ठिकाणे झाली आहेत आणि सुटीच्या दिवशी तिथे अख्खी कुटुंबे नंबर लावून बसलेली असतात. ताटात मटकीची उसळ आणि शेव, शेजारी काळ्या मसाल्याचा रस्सा, त्यावर बोटभर तर्री, पापड, दही, पाव आणि शेवटी एखादी जिलबी, असा सगळा सरंजाम येतो. कोल्हापूरची मिसळ चढ्या तिखटासाठी प्रसिद्ध आहे, पुण्याची थोडी गोडसर असते. नाशिकच्या रश्श्यात तिखटापेक्षा भाजलेल्या खोबऱ्याचा आणि खड्या मसाल्याचा खमंगपणा पुढे असतो. सकाळी वाईनचा प्रश्न नव्हता, म्हणून निघताना आम्ही रश्श्याचे पार्सल घेतले. नुसता रस्सा कशाला हवा, हे काउंटरवरच्या माणसाला सांगण्याच्या फंदात मित्र पडला नाही.

तिथून आम्ही दिंडोरी तालुक्यात मित्राच्या मामांच्या मळ्यावर गेलो. वाईनविषयी मी आजवर जे वाचले होते त्यापेक्षा अधिक मला त्या दुपारी मामांसोबत बांध चालताना कळले. त्यांच्या शेताच्या एका बाजूला मांडवावर थॉमसनची बाग होती, म्हणजे आपण बाजारातून आणतो ती खाण्याची द्राक्षे, आणि रस्त्यापलीकडे तारांवर उभ्या वाढवलेल्या शिराझच्या, म्हणजे लाल वाईनच्या द्राक्षाच्या, रांगा होत्या. दोन्ही द्राक्षेच, पण वागणूक अगदी वेगळी. थॉमसनचा मणी लांब आणि टपोरा व्हावा म्हणून त्याला संजीवकात, म्हणजे वाढीच्या औषधात, बुडवायचे, घडांची विरळणी करायची, एकेका घडावर मजुराचा हात कितीतरी वेळा फिरवायचा. शिराझचा मणी लहान असतो, त्याची साल जाड असते, आत बी असते, आणि तो लहान राहण्यातच सगळ्यांचे हित असते, कारण लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा येतो तो सालीतून. एकरी उत्पन्नही मुद्दाम कमी ठेवायचे. खाण्याच्या द्राक्षाच्या निम्म्यानेच माल काढायचा, असा वाईनरीचा आग्रह असतो, आणि ज्याने जन्मभर माल वाढवण्याची विद्या कमावली त्या शेतकऱ्याला हे पचवायला किती वर्षे लागली असतील याचा अंदाज मामांच्या हसण्यावरून आला.

छाटणीचे गणितही त्यांनी समजावून सांगितले. युरोपात थंडीमुळे वेल झोपी जातो, वर्षातून एकदा छाटतात आणि फळ साधारण सप्टेंबरात येते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करून घ्यायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून तिच्यावर फळ घ्यायचे. त्यामुळे पावसाळा चुकतो, मणी भरतो तो हिवाळ्यात, आणि नाशिकची कोरडी दुपार व बोचरी रात्र यांच्यातल्या फरकाने साखर वाढत असतानाच आंबटपणाही टिकून राहतो. जानेवारीपासून आधी पांढऱ्या वाईनची द्राक्षे उतरतात आणि मग लाल वाईनची.

मामांनी खिशातून रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातल्या साखरेची टक्केवारी दाखवणारी नळी, काढला. एक मणी चिमटीत दाबून त्याचा थेंब काचेवर टाकला, झाकण लावले आणि एक डोळा मिटून नळी उन्हाकडे धरली. "तेवीस," म्हणाले आणि नळी माझ्या हातात दिली. आत निळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांची सीमा तेविसाच्या किंचित खाली होती. खाण्याचे द्राक्ष सतरा-अठराला तोडतात. वाईनच्या द्राक्षाला बावीस-चोवीस लागते, कारण त्याच साखरेचे पुढे अल्कोहोल होणार असते. मी तो दाबलेला मणी तोंडात टाकला. विलक्षण गोड, पण खाण्यासारखा मुळीच नाही. साल चावत बसावी लागते आणि बी कडू लागते. मामांची तोडणी आधीच व्हायची होती, पण होळीच्या आसपास जिल्ह्यात अवकाळी पाऊस झाला आणि वाईनरीने थांबायला सांगितले. पिकलेल्या मण्यात पाणी शिरले की साखर उतरते, शिवाय कुजव्याची धास्ती. थॉमसनचे तर त्या पावसात मणीच तडकले होते. शिराझ आपल्या जाड सालीमुळे तगला.

वाईनच्या द्राक्षात मग फायदा आहे का, असे मी विचारले. मामांचे उत्तर सावध होते. करार असतो, भाव आधी ठरतो, साखरेप्रमाणे तो थोडा वरखाली होतो, औषधे आणि मजुरी कमी लागते. पण निर्यातीच्या द्राक्षाला चांगल्या वर्षी जो पैसा मिळतो तो इथे कधीच मिळत नाही. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले तेव्हा कित्येकांनी वाईनच्या जाती लावल्या, आणि २००८ नंतर मागणी बसली, वाईनरींकडे साठे पडून राहिले, तेव्हा त्यांतल्या कित्येकांनी त्या उपटूनही टाकल्या. मामांनी दोन एकर राखले ते केवळ सगळी अंडी एका टोपलीत नकोत म्हणून. कांदा हे त्यांचे तिसरे पीक, आणि त्या मार्चमध्ये कांद्याचा भाव इतका पडला होता की काढणीची मजुरीही सुटत नव्हती. दुसऱ्या दिवशी, म्हणजे रंगपंचमीलाच, दिंडोरीहून शेतकऱ्यांचा पायी मोर्चा मुंबईकडे निघणार होता आणि मामांच्या गावातले काहीजण त्यात जाणार होते. एकाच तालुक्यात एकाच रविवारी चार-पाच लोकांचे घोळके वाईन चाखायला येतात आणि हजारो माणसे कांद्याच्या भावासाठी चालत बाहेर पडतात, हे सत्य टेस्टिंग रूमच्या माहितीपत्रकात कधी येणार नाही, पण मला तरी ते त्या भागाच्या वर्णनातून वगळता येत नाही.

संध्याकाळी आम्ही गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वाईनरीत गेलो. परत गाडी चालवायची नसावी म्हणून मित्राने आधीच रिक्षा ठरवली होती. या परिसराचे आजचे रूप बऱ्याच अंशी सुला या वाईन कंपनीने घडवले आहे. त्याआधी, १९८० च्या दशकात, नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने फसफसती वाईन करून ती परदेशी पाठवली होती; पण वाईनरी ही लोकांनी जाऊन पाहण्याची, तिथे बसून खाण्यापिण्याची जागा असू शकते, ही कल्पना रुजली ती नाशिकमध्ये. अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी कुटुंबाच्या जमिनीवर १९९७ मध्ये सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाईनच्या जाती लावल्या, २००० मध्ये पहिली वाईन बाजारात आणली आणि कंपनीला आईच्या नावावरून, सुलभावरून, नाव दिले. पुढे टेस्टिंग रूम आली, २००८ पासून सुलाफेस्ट हा संगीत महोत्सव सुरू झाला आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये कंपनी शेअर बाजारातही गेली. तिच्या मागोमाग आजूबाजूला लहानमोठ्या वाईनरी उभ्या राहिल्या.

आम्ही गेलो तिथे टाक्यांच्या दालनात हंगामाची धावपळ चालू होती. पोलादी टाक्यांवर बाहेरून दव जमले होते, कारण पांढऱ्या वाईनचा रस थंड ठेवून सावकाश आंबवतात. गरम झाला तर फळांचा वास उडून जातो. लाल वाईन मात्र सालींसकट आंबते. साली वर तरंगून जाड थर धरतात आणि खालचा रस पंपाने उपसून दिवसातून अनेकदा त्या थरावर सोडावा लागतो. तो पाइप सुरू झाला तेव्हा जांभळा फेस उसळला आणि दालनभर एक आंबूस, उष्ण वास पसरला, जो बाटलीत कुठेच सापडत नाही. नंतरच्या टेस्टिंगबद्दल फार लिहीत नाही. ग्लास फिरवा, वास घ्या, घोट तोंडात घोळवा, हा क्रम आता सर्वांना माहीत आहे. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या मंडळींनी क्रम सोडून दिला होता आणि ते अधिक मजेत दिसत होते. आम्ही कोरडी सोव्हिन्यों ब्लाँ, किंचित गोडसर शेनिन, एक फसफसती, एक शिराझ आणि लेट हार्वेस्ट या गोड वाईनची छोटी बाटली एवढ्या खरेदीवर थांबलो.

घरी काकूंनी, म्हणजे मित्राच्या आईने, बाटल्या ओट्यावर ठेवू दिल्या, कोणतीही हरकत घेतली नाही, आणि मग शांतपणे जाऊन देवघराचे दार लोटून घेतले. मला हे फार आवडले. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा राज्यभर जो वाद झाला त्यात एक बाजू म्हणत होती की वाईन ही दारूच नव्हे आणि दुसरी म्हणत होती की महाराष्ट्राचे मद्यराष्ट्र होणार. निर्णय अखेर कागदावरच राहिला. बारा-तेरा टक्के अल्कोहोल असलेल्या पेयाला दारू म्हणायचे नाही हे मला पटत नाही, आणि भाऊ पिकवतो तसल्याच द्राक्षाची ती दारू घरात आली म्हणून आकांत करावा असे काकूंनाही वाटले नाही. त्यांनी ग्लास घेतला नाही. सोव्हिन्यों ब्लाँचा वास मात्र घेतला आणि "हिरव्या मिरचीचा देठ मोडल्यासारखा येतोय की" म्हणाल्या. वाईनचे जाणकार या जातीचे वर्णन करताना ढोबळी मिरची आणि कापलेले गवत म्हणतात. काकू कोणतेही पुस्तक न वाचता तिथेच पोहोचल्या.

शनिवार असल्यामुळे मटण रविवारवर गेले होते. काकूंनी कोथिंबीरवड्या तळल्या, कोंडाजीचा चिवडा होताच, आणि सकाळचा रस्सा गरम केला. कोथिंबीरवडी आणि सोव्हिन्यों ब्लाँ ही त्या दोन दिवसांतली सर्वांत सुंदर जोडी ठरली. वडीतला हिरवा वास वाईनमधल्या हिरव्या वासाला भेटतो आणि तळणीचा तेलकटपणा तिच्या आंबटपणाने धुऊन निघतो. लिंबू पिळल्याने जे होते तेच, पण अधिक रेंगाळणारे. चिवड्यासोबत फसफसती वाईन हाही उत्तम प्रकार आहे. मीठ, तळलेले खोबरे, कुरकुरीतपणा आणि बुडबुडे यांचे इतके जमते की चिवड्याचा डबा बंद करण्याची जबाबदारी काकूंना घ्यावी लागली.

मिसळीची गोष्ट थोडी बिकट आहे. अल्कोहोल तिखटाची आग वाढवते, त्यामुळे कोरडी, कडक वाईन रश्श्यावर घेतली की घशात ठिणगी पडते. हे करून पाहिले आणि मित्राने लगेच पाणी मागितले. थंडगार, थोडी साखर राखलेली शेनिन मात्र टिकली. तिचा गोडवा आग शमवतो, आंबटपणा तर्री कापतो, आणि मिसळीच्या ताटातल्या दह्याचे काम ती बऱ्यापैकी करते. तरीही प्रामाणिक मत द्यायचे तर दही ते काम अधिक चांगले करते आणि त्याची किंमत दहा-वीस रुपये असते.

रविवारी दुपारनंतर आम्ही जुन्या नाशकात शिरलो. रहाड न पाहिलेल्यांसाठी थोडे सांगायला हवे. रहाडी म्हणजे पेशवेकाळापासून चालत आलेले, चौकाच्या पोटात बांधलेले दगडी हौद. वर्षभर ते लाकडी ओंडक्यांनी आणि मातीने झाकलेले असतात, वरून माणसे आणि गाड्या जातात, आणि नवख्याला पायाखाली काय आहे याचा पत्ता नसतो. रंगपंचमीच्या आधी ते उघडून साफ करतात आणि पाण्याने भरतात. रंग फुलांपासून काढायचा, तो मोठ्या कढयांत उकळायचा आणि हौदात सोडायचा ही जुनी रीत आहे. प्रत्येक रहाडीचा रंगही ठरलेला असतो. तिवंधा चौकात पिवळा, दिल्ली दरवाजाला केशरी आणि पंचवटीत शनी चौकात गुलाबी. पूजेचा मान ठरलेल्या घराण्याकडे किंवा तालमीकडे असतो. पूजा झाली, मानकऱ्यांची पहिली उडी पडली, की मग रहाड सर्वांसाठी मोकळी होते.

उडी मारायची रीत इथे निराळी आहे. पोहण्यासाठी सूर मारायचा नसतो; अंग आखडून असे पडायचे की पाण्याचा लोट काठावरच्या गर्दीवर गेला पाहिजे. याला धप्पा म्हणतात, आणि कोणाचा धप्पा किती लांब गेला यावर गर्दी दाद देते. शनी चौकात आम्ही पोहोचलो तेव्हा ढोल चालू होते, गच्च्या आणि खिडक्या माणसांनी भरल्या होत्या, आणि चौकातल्या चौकोनातून गुलाबी पाणी सारखे उसळत होते. मित्र लहानपणापासून उड्या मारत आलेला. त्याने चप्पल आणि मोबाईल ओळखीच्या दुकानदाराकडे दिले, माझेही काढून घेतले, आणि मला विचार करायला वेळच ठेवला नाही. पाणी अपेक्षेपेक्षा गार होते आणि पायाला तळ लागण्याआधीच कोणीतरी दंडाला धरून वर ओढले. काठावर दोन-चार तरुण फक्त याच कामाला उभे होते. उडी पडली की माणूस बाहेर काढायचा, पुढच्याला जागा करून द्यायची. इतक्या गर्दीत एकालाही लागू नये म्हणून चाललेली ती शिस्त पाहताना मला सणाच्या जल्लोषापेक्षा तिचेच अधिक कौतुक वाटले.

त्या गर्दीत तिकीट नव्हते, स्टेज नव्हते, बाटली नव्हती. द्राक्षबागेतल्या महोत्सवांवर माझा राग नाही. पण नाशिक स्वतः कशाने बेभान होते हे पाहायचे असेल तर शनी चौकाच्या कडेला उभे राहावे लागते.

अंगावरचा रंग साबणाला दाद देईना, तेव्हा तसेच गुलाबी हात घेऊन आम्ही जेवायला बसलो. काळ्या मसाल्याचे मटण आणि शिराझ ही जोडी मी मनात सर्वांत वर ठेवली होती, कारण मिऱ्याचा वास दोन्हींत आहे. रश्श्यासोबत ती फसली. शिराझचा तुरटपणा आणि मसाल्याचा तिखटपणा एकमेकांना चढवत गेले आणि घोट कडवट लागू लागला. मग मित्राने रस्सा बाजूला ठेवला, सुके मटण बाजरीच्या भाकरीवर घेतले आणि वाईन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून थोडी गार केली. आता चव जुळली. चरबी आणि भाकरीचा करडेपणा तुरटपणाला पेलतात. पातळ, झणझणीत रस्सा पेलत नाही. पुढे कोणी करून पाहणार असेल तर एवढे लक्षात ठेवावे, आणि ओकच्या पिंपात मुरवलेली महाग शिराझ यासाठी उघडू नये.

राहिली लेट हार्वेस्ट. ही वेलीवर उशिरापर्यंत ठेवलेल्या द्राक्षांची गोड वाईन, आणि जेवणानंतरच्या गोडासाठीच तिची योजना असते. बुधा हलवायाची जिलबी आणली होती. वाईन गोड पदार्थापेक्षा अधिक गोड असावी लागते, नाहीतर ती आंबट वाटते. आणि पाकातून काढलेल्या जिलबीपेक्षा गोड वाईन जगात कोणी करत असेल असे मला वाटत नाही. पहिल्याच घासानंतर ग्लासात निव्वळ आंबट पाणी उरले. काकू हे सगळे पाहत होत्या. त्यांनी काही न बोलता मठ्ठ्याचे पातेले पुढे सरकवले, आणि मित्राने पहिली वाटी भरून घेतली.